काटा दीडवर राहीना

माझ्या सासूबाई कुवेतमध्ये थंडीने गारठल्या, ही गोष्ट साताऱ्यात कुणाला खरी वाटेना. त्यांच्या धाकट्या बहिणीने तर फोनवर विचारलं, जावयाने एसी फार लावून ठेवलाय का. वाळवंट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घामाने निथळणारा माणूस येतो. जानेवारीतलं कुवेत कुणी बघितलेलं नसतं. पहाटे पारा पाच-सहावर, बाहेर कोरडा बोचरा वारा, आणि घरातली फरशी अशी गार, की अनवाणी स्वयंपाकघरात जाऊन आलेला माणूस दुपारपर्यंत कुणाशी धड बोलत नाही. इथली घरं बांधणारे लोक फक्त उन्हाळ्याचा विचार करतात. हिवाळा दोन महिन्यांचा, तो कसाबसा निघतो, असं त्यांचं मत आहे. पण माझ्या सासूबाई नेमक्या त्याच दोन महिन्यांत आल्या होत्या.

सुहासिनीबाई तेहेतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या. गुडघे दुखतात, पण तक्रार करण्याचा त्यांचा स्वभाव नाही. त्या फक्त नोंद करतात. चौथ्या दिवशी चहा घेताना त्या म्हणाल्या, "साताऱ्यात निदान अंगणात ऊन तरी येतं." एवढंच. मैथिलीने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्याकडे बघितलं. एकोणीस वर्षांच्या संसारात या बघण्याचे मला बरेच अर्थ कळायला लागले आहेत. हा 'काहीतरी कर' असा होता.

आता, करण्यासारखं एक होतं. आम्ही सल्व्यात एका कुवेती कुटुंबाच्या बंगल्याच्या पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली घरमालक अबू मिशारी आणि त्यांचा दिवाणिया, म्हणजे रोज संध्याकाळी मित्रमंडळी जमायची बैठकीची खोली. वरच्या मजल्यावर नीलेश नावाचा आयटीतला गृहस्थ. घर बांधताना अबू मिशारींनी कुठल्याशा थंड देशातून येऊन हौसेने आमच्या मजल्यावर भिंतींना पाच रेडिएटर लावून घेतले होते. त्यांत गरम पाणी सोडणारा बॉयलर मात्र कधी आलाच नाही. चौदा वर्षं त्या पाच रेडिएटरवर भाडेकरूंचे पायमोजे वाळत होते. मी ठरवलं, विजेवर चालणारा एक छोटा बॉयलर आणून जोडायचा. अबू मिशारींनी मोठ्या मनाने परवानगी दिली. भिंत माझी, बॉयलर तुझा, म्हणाले.

मैथिलीचं म्हणणं होतं की तेलावरचा एक हीटर आणून आईच्या खोलीत ठेवावा आणि विषय संपवावा. पण यात माझ्या व्यवसायाचा प्रश्न होता. मी तेलक्षेत्रात काम करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. मोठमोठ्या पाइपलाइनींच्या प्रेशर टेस्टची सर्टिफिकेटं माझ्या टेबलावरून जातात. 'तपासले, समाधानकारक' या शब्दांखाली गेली सोळा वर्षं माझी सही आहे. अशा माणसाने घरात तेलाचा हीटर ठेवायचा, हे मला पटेना. प्रेशर मोजायचं यंत्र मी त्या सोळा वर्षांत जवळून पाहिलेलं नव्हतं, ही गोष्ट मी घरी कधी बोललो नव्हतो.

शुवैखच्या एका दुकानातून बॉयलर आला. त्याच्याबरोबर दोन कामगार आणि टाय लावलेला एक सुपरवायझर. दिवसभर ठोकाठोक झाली. कोठीच्या खोलीत भिंतीवर पांढरा बॉयलर, त्याच्या बाजूला भोपळ्याएवढी लाल टाकी, आणि बऱ्याच तांब्याच्या नळ्या. सुपरवायझरने मला गोल घड्याळासारखा काटा दाखवला आणि बजावलं की काटा दीडवर राहिला पाहिजे, पाण्याचा दाब दीड बार. एकाच्या खाली गेला तर बॉयलर आपोआप बंद पडेल, मग हा नळ फिरवून पाणी भरायचं. मी ओळखीचा विषय असल्यासारखी मान हलवली. मग त्याने एक फॉर्म पुढे केला. बारा चौकोन, बारा खुणा. मी सही केली.

सासूबाई पाचला उठतात, म्हणून बॉयलर पहाटे साडेचारला सुरू होऊन सातला बंद होईल असं घड्याळ लावलं. दुसऱ्या दिवशी पहाटे घर खरोखर उबदार झालं. सासूबाईंनी शाल काढून घडी केली आणि रेडिएटरला हात लावून म्हणाल्या, "छान केलंत, आलोकराव." त्या दिवशी ऑफिसात मी तीन जणांना सेंट्रल हीटिंगविषयी माहिती दिली. त्यांतल्या एकानेही विचारली नव्हती.

चारला घरी आलो. माझी मुलगी अक्षरा कोठीच्या दारात उभी होती. ती मराठी समजते, पण उत्तर इंग्रजीतच देते.

"पपा, इट्स ॲट झीरो पॉइंट फोर."

काटा खरंच खाली झोपला होता आणि बॉयलरवर लाल दिवा लागला होता. मी नळ फिरवून काटा दीडवर आणला. नवीन आहे, रुळायला वेळ लागतो, असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी चारला पुन्हा पॉइंट चार. तिसऱ्या दिवशीही तेच. रोज संध्याकाळी मी पाणी भरायचो आणि रोज दुपारपर्यंत ते कुठेतरी जायचं. कुठे, हे कळेना. घरात कुठे ओल नाही, डाग नाही, थेंब नाही.

चौथ्या दिवशी नीलेशला कळलं. नीलेश माणूस चांगला आहे, पण त्याला कुठलाही प्रश्न सांगितला की तो लॅपटॉप घेऊनच येतो. त्याने जगभरच्या बॉयलरवाल्यांच्या चर्चा वाचल्या आणि पहिलं निदान केलं: आत हवा अडकली आहे. प्रत्येक रेडिएटरच्या टोकाला एक छोटा स्क्रू असतो, तो ढिला करून हवा काढायची. चार रेडिएटरमधून हवा सुटली. पाचव्यातून चौदा वर्षांचं काळं पाणी सुटलं आणि ते दिवाणखान्यातल्या मोतिया रंगाच्या पडद्यावर गेलं. नीलेश म्हणाला की हे चांगलं लक्षण आहे. मैथिलीने पडदा काढला आणि तो माझ्या खुर्चीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी काटा पॉइंट तीनवर होता.

मग नीलेशने दुसरा उपाय सांगितला. नळ्यांच्या प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवायचा. जो ओला होईल तो जोड गळका. घरात एकूण चौतीस जोड निघाले. अक्षराने प्रत्येक टिश्यूवर नंबर घातला, आणि ते दोन दिवस आम्ही घरात पाय उचलून उचलून चाललो. तिसऱ्या दिवशी तेहेतीस टिश्यू कोरडे आणि एकोणीस नंबरचा ओला. मला इतका आनंद झाला की मी ऑफिसातल्या एकाला फोटो पाठवला. सासूबाईंनी टिश्यू उचलून वास घेतला आणि तो चहा असल्याचं सांगितलं. सकाळी त्यांच्याच कपातून सांडला होता.

मग कंपनीला फोन केला. तिथली मुलगी नम्रपणे विचारत होती, पाणी कुठून गळतंय. मी म्हणालो, तेच कळत नाही. मग गळती नाही असं लिहू का, तिने विचारलं. मी म्हणालो, गळती आहे, पण दिसत नाही. तिच्या कॉम्प्युटरवर असा पर्याय नव्हता. 'गळती' निवडली तर फोटो जोडावा लागतो, 'बिघाड' निवडला तर बॉयलर गरम न होण्याची तक्रार हवी, आणि माझा तर रोज पहाटे गरम होत होता. शिवाय माझ्या सिव्हिल आयडीची प्रत, भाडेकरार, आणि बॉयलर ज्या भिंतीवर आहे तिच्या मालकाचं पत्र. अबू मिशारींनी दोन ओळींचं अरबी पत्र दिलं. ते परत आलं, कारण त्यात बॉयलरला 'यंत्र' म्हटलं होतं आणि यंत्रांचा विभाग वेगळा होता. दुरुस्त पत्र गेलं. मग काट्याचा फोटो परत आला: गळती दिसत नाही.

मैथिली शांतपणे म्हणाली की फरशीवर मगभर पाणी ओत आणि फोटो काढ. मी तिला सांगितलं की मी सोळा वर्षं कागदपत्रांच्या खरेपणावर जगलो आहे. हे मी बुधवारी सांगितलं. गुरुवारी सकाळी अर्धा मग पाणी ओतलं. तक्रार दहा मिनिटांत मंजूर झाली आणि दुपारी तंत्रज्ञ हजर.

त्याने फरशी पुसली. ती पुन्हा ओली होईना. नळ्या चाचपल्या, काटा दीडवर आणला, दहा मिनिटं त्याच्याकडे बघत उभा राहिला. काटा हलला नाही. 'सिस्टीम नॉर्मल' असं लिहून त्याने फॉर्म पुढे केला. मी सही केली. सही करायची नसते हे मला माहीत होतं, पण कागद पुढे आला की हात जातो.

याच्या तीन-चार दिवस आधी मी एक चूक करून ठेवली होती, ती आता सांगायला हवी. नीलेशचं तिसरं निदान असं होतं, की पाणी फरशीखालच्या नळ्यांमधून स्लॅबमध्ये मुरत असणार. आमच्या फरशीखाली म्हणजे अबू मिशारींच्या दिवाणियाचं छत. ते एकदा नजरेखालून घालावं म्हणून मी संध्याकाळी खजुराचा डबा घेऊन खाली गेलो. दहा-बारा मंडळी गालिच्यावर बसलेली. मला प्रेमाने बसवलं, चहा दिला. मी चहा घेता घेता वर बघितलं. मग शेजारचा म्हातारा वर बघायला लागला. मग त्याच्या शेजारचा. थोड्या वेळाने सगळा दिवाणिया माना वर करून छताकडे बघत होता, आणि कोपऱ्यात, झुंबराच्या मागे, ताटलीएवढा एक पिवळा डाग होता.

अबू मिशारींनी मला विचारलं, काय आहे. मी म्हणालो, काही नाही. ते खरं नव्हतं आणि मला खोटं नीट बोलता येत नाही. तंत्रज्ञ येऊन गेला त्या संध्याकाळी ते वर आले, काटा बघितला, तो रोज उतरतो हे ऐकलं, आणि अरबीत जे म्हणाले त्याचा मला कळलेला अर्थ असा: घराच्या हाडात पाणी गेलंय. शनिवारी त्यांचा ठेकेदार येईल, फरशा उखडेल, नळ्या बघेल. बॉयलर काढावा लागेल. चार खोल्यांची फरशी, महिनाभराचं काम. तोवर तुम्ही दुसरीकडे सोय बघितलीत तर बरं. ते रागाने बोलले नाहीत. उलट माझा खांदा थोपटला. तो थोपटलेला खांदा घेऊन मी रात्रीच्या जेवणाला बसलो.

मैथिलीने ओळखीच्या घरांची यादी केली. अब्बासियात तिची एक मैत्रीण होती, पण तिथे दोन खोल्यांत आधीच पाच माणसं. सासूबाईंनी तिकीट अलीकडचं मिळतं का ते बघायला सांगितलं. म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढं घर कशाला खणायचं." त्या हसून बोलल्या, पण शालीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या. मैथिली तीन वर्षं आईची वाट बघत होती. ती ताटावरून उठून स्वयंपाकघरात गेली आणि पुष्कळ वेळ भांडी घासत राहिली.

मी कोठीत जाऊन काट्यापुढे उभा राहिलो. सासूबाई मागून आल्या.

"आलोकराव, हा काटा तुम्ही दिवसातून किती वेळा बघता?"

"एकदा. चार वाजता, ऑफिसातून आल्यावर."

"म्हणजे बॉयलर बंद होऊन नऊ तास झाल्यावर. चालू असताना कुणी बघितलाय?"

कुणीच बघितला नव्हता. तंत्रज्ञानेही नाही, नीलेशनेही नाही. चालू असतो तेव्हा घरात फक्त त्या जाग्या असायच्या आणि त्या स्वयंपाकघरात असायच्या. त्यांनी अक्षराकडून एक वही मागून घेतली.

शुक्रवारी पहाटे मला हलवून उठवलं. कोठीत सासूबाई स्टुलावर शाल पांघरून बसल्या होत्या, वहीत दर पाच मिनिटांनी काट्याचा आकडा. साडेचारला दीड. पावणेपाचला सव्वादोन. आता तीनला टेकला होता. तेवढ्यात भिंतीत घुसणाऱ्या एका नळीतून बारीक फिस्स असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. ती नळी मी रोज बघत होतो. ती शोभेची असावी असं मी धरून चाललो होतो.

"पाणी तापलं की फुगतं," सासूबाई म्हणाल्या. "आठवीला शिकवायची मी. फुगायला जागा नसेल तर ते वाट काढणारच. ही नळी कुठे जाते?"

आम्ही दोघं स्वेटर चढवून खाली उतरलो आणि बंगल्याच्या मागच्या बोळात गेलो. आमच्या कोठीच्या बरोबर खाली भिंतीतून तांब्याचं टोक बाहेर आलं होतं. त्याखाली तुपाचा रिकामा डबा, आणि डब्यापाशी बंगल्याचा राखणदार हमजा उकिडवा बसून वाफाळतं पाणी हातावर घेत होता. पहाटेच्या नमाजाआधीचा वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, चालला होता.

हमजा साठीच्या पुढचा, नोआखालीकडचा. जिन्याखालच्या खोलीत एकटा राहतो. आम्हाला बघून तो उठला, उजवा हात छातीवर ठेवला आणि मोडक्या हिंदीत मला दुवा द्यायला लागला. टाकीचं पाणी या दिवसांत बर्फासारखं असतं, बोटं वाकत नाहीत. साहेबांनी त्याच्यासाठी भिंतीतून गरम पाण्याची सोय केली, तीसुद्धा बरोबर फज्रच्या, म्हणजे पहाटेच्या नमाजाच्या, वेळेला. दहा-बारा दिवस तो प्रत्येक नमाजात माझं नाव घेत होता. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण मला हवं ते वाक्य हिंदीत सापडेना. मी म्हणालो, कोई बात नहीं.

म्हणजे पाणी स्लॅबमध्ये मुरत नव्हतं. हे कळलं. पण शनिवारी अबू मिशारींना दाखवायला काटा दीडवर हवा होता आणि फुगलेल्या पाण्याला जागा कशी द्यायची ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. सासूबाईंचं म्हणणं, अशी जागा यंत्र करणाऱ्याने कुठेतरी ठेवलेली असणारच. कंपनीला शुक्रवार-शनिवार सुट्टी. नीलेशने चौथं निदान दिलं, ते मी लिहून घेतलं नाही.

त्या दुपारी आमच्याकडे जहीरभाई आणि त्यांची बायको हुस्ना जेवायला यायचे होते. हे ठरलेलं होतं आणि फरशी उद्या जाणार म्हणून आजचं जेवण रद्द करणं मैथिलीला मान्य नव्हतं. जहीरभाई मूळचे श्रीवर्धनचे. शुवैखला गॅरेजांच्या ओळीत त्यांचं टायरचं दुकान आहे. सांदणं आणि कोंबडीचा रस्सा झाल्यावर मी त्यांना सगळी हकिकत सांगितली, खरं तर मन मोकळं करायला. ते हात धुऊन कोठीत गेले. बॉयलरकडे त्यांनी बघितलंही नाही. बाजूच्या लाल टाकीपाशी वाकले, तिच्या बुडाचं काळं प्लास्टिकचं टोपण फिरवून काढलं आणि हसायला लागले.

"आलोकभाय, हा तर टायरचा व्हॉल्व्ह हाय."

त्यांनी नखाने व्हॉल्व्हची पिन दाबली. टायरमधून येतो तसा फुस्कारा यायला हवा होता. काहीच आलं नाही. "ह्या टाकीत हवाच नाय," ते म्हणाले. "कुणी भरलीच नाय."

सासूबाई शाल सावरत पुढे आल्या. त्यांनी टाकी बोटाने वाजवली, वर, मग खाली. आत रबराचा पडदा असणार, त्या म्हणाल्या, एका बाजूला हवा, एका बाजूला पाणी. पाणी फुगलं की हवा दबते आणि त्याला जागा मिळते. हवा नसेल तर टाकी पाण्यानेच भरून बसते. जहीरभाई म्हणाले, मावशी, बरोबर, आमच्या दुकानात सोळा माणसं हायत, एकाला पन असं सांगता येणार नाय.

ते खाली जाऊन गाडीतून पायाने मारायचा पंप आणि प्रेशर बघायचा मीटर घेऊन आले. आधी बॉयलरचं पाणी बादलीत सोडलं, मग पंप मी मारला. माझी एवढी तरी मदत घ्या असा मी आग्रह धरला होता. जहीरभाई मीटर बघत सांगत होते, सासूबाई वहीत लिहीत होत्या, अक्षरा व्हिडिओ काढत होती. पंधरा पौंडांवर थांबलो. एक बार म्हणजे साधारण तेवढंच, असं सासूबाईंनी गणित करून सांगितलं. मग पाणी भरून काटा पुन्हा दीडवर आणला. माझी विजार मागून उसवली होती, ते नंतर व्हिडिओत दिसलं.

संध्याकाळी सुपरवायझरने दिलेला फॉर्म सासूबाई चष्मा लावून वाचत होत्या. सातव्या चौकोनात लिहिलं होतं: टाकीतील हवेचा दाब तपासला. पुढे खूण.

"हे कुणी तपासलं?" त्यांनी विचारलं.

असे चौकोन कसे भरले जातात ते माझ्याइतकं या घरात कुणाला माहीत असणार? बाराच्या बारा, एका दमात, आठवडा संपताना गुरुवारी, जेवायच्या सुट्टीआधी. खाली ज्याची सही होती तो मीच होतो.

शनिवारी सकाळी नऊला अबू मिशारी आले. बरोबर ठेकेदार, ठेकेदाराबरोबर दोन माणसं आणि फरशी फोडायचं विजेचं यंत्र. मी म्हणालो, आधी एक तास काटा बघा. अबू मिशारी म्हणाले, काटा परवाच बघितला. शेवटी सासूबाई पुढे झाल्या. त्यांना अरबी येत नाही, अबू मिशारींना मराठी येत नाही. त्यांनी स्टूल पुढे केलं आणि वर्गात उशिरा आलेल्या मुलाला म्हणावं तसं म्हणाल्या, "बसा." ते बसले.

मी बॉयलर हाताने सुरू केला. कोठीच्या त्या खोलीत आम्ही सात जण होतो. नीलेशही लॅपटॉप घेऊन आला होता. काटा दीडवरून हलला. पावणेदोन. मैथिली दारात उभी होती, हातातला चहाचा ट्रे खाली ठेवायला विसरलेली. काटा दोनच्या अलीकडे आला आणि तिथे थांबला. वीस मिनिटं थांबला. नळी गप्प. मग बॉयलर बंद केला, पाणी निवलं तसा काटा सावकाश मागे आला आणि दीडला येऊन बसला. ठेकेदाराने घड्याळ बघितलं आणि फोडायचं यंत्र पेटीत ठेवलं.

दिवाणियातला डाग जुना निघाला. चार उन्हाळ्यांपूर्वी गळलेल्या एसीचा, हे अबू मिशारींच्या बायकोला आठवलं. या मधल्या काळात अबू मिशारी दिवाणखान्यातल्या रेडिएटरला गुडघा टेकवून बसले होते. सासूबाईंनी आपलाही तोच गुडघा दाखवला. अर्धा तास त्या दोघांचं दुखण्यावर बोलणं चाललं, दोन भाषांत, आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळत होतं. जाताना त्यांनी मला सांगितलं की दिवाणियातही असा बॉयलर बसवू या, आणि देखरेख तू करायची. मी हो म्हणालो. मैथिलीने दुसरीकडे बघितलं.

सासूबाईंनी तिकिटाचा विषय पुन्हा काढला नाही.

रविवारी पहाटे दारावर टकटक झाली. बाहेर हमजा, हातात रिकामा डबा. त्याचा चेहरा पडला होता. त्याने विचारलं, साहेबांना माझं काही चुकलं का. पाणी बंद झालं.

यावर मी आधी विजेची किटली आणून दिली. त्याच्या खोलीत एकच प्लग आहे आणि त्याची वायर गेटच्या मोटरशी जोडलेली आहे, हे किटली लावल्यावर कळलं. गेट अर्धं उघडून अडकलं आणि मशिदीतून परत आलेले अबू मिशारी वीस मिनिटं आपल्याच घराबाहेर उभे राहिले. किटली परत वर आली. मग सासूबाईंनी निर्णय दिला. त्या पाचला उठतातच. त्या चहाच्या आधी मोठ्या पातेल्यात पाणी तापवणार आणि ते खाली पोचवायचं काम माझं.

तेव्हापासून रोज फज्रच्या अजानीच्या सुमाराला मी स्वेटर, कानटोपी आणि लेंगा अशा वेषात, झाकण लावलेला पितळी डबा दोन फडक्यांत धरून जिना उतरतो. हमजा बोळात वाट बघत असतो. तो डबा घेतो आणि मान झुकवतो. मी थोडा वेळ तिथे उभा राहतो. का, ते मला नीट सांगता येणार नाही.

परवा जिन्यात नीलेश भेटला. त्याची पहाटेची शिफ्ट होती. वाफाळणारा डबा बघून तो थबकला, त्याचा चेहरा एकदम कामाला लागलेला दिसला, आणि हात लॅपटॉपच्या बॅगेकडे गेला.

"अजून गळतंय?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हणालो. "रोज दोन लिटर."